जगदीशचंद्रांचा पिळलेला ताग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बिनतारी संदेशवहनाबद्दल आपल्या रविवारच्या अंकात आलेला लेख वाचला. मार्कोनींना दोन रकाने, आणि जगदीशचंद्र बोस यांच्या वाट्याला एक ओळ. तीही ‘झाडांना संवेदना असतात हे दाखवणारे शास्त्रज्ञ’ एवढीच. मनाला लागलं, म्हणून लिहितो आहे.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर जॉबर म्हणून, म्हणजे माग लावून देणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर म्हणून, माझी उमेदीची वर्षं गेली. सुताचा पीळ उजवा की डावा, हे आमच्या बोटांना कळतं. त्यामुळे बोसांचा 1898 मधला प्रयोग मला फार जवळचा वाटतो. त्यांनी तागाच्या जुड्या घेतल्या. काहींना उजवा पीळ दिला, काहींना डावा, आणि त्यांतून विद्युतलहरी, म्हणजे बिनतारी संदेशाच्याच जातीच्या लहरी, सोडल्या. एका पिळातून जाताना लहरीच्या कंपनाची दिशा एका बाजूला वळली, दुसऱ्यातून जाताना उलट बाजूला. साखरेचं पाणी प्रकाशाला असंच वळवतं. म्हणजे या न दिसणाऱ्या लहरीही प्रकाशाच्याच जातीच्या, हे त्यांनी तागावर दाखवलं! रेल्वेच्या ब्रॅडशॉ वेळापत्रकाच्या पानापानांत कथलाचा वर्ख घालूनही त्यांनी एकाच दिशेने कंप पावणाऱ्या लहरी गाळून दाखवल्या होत्या.

हे जमलं कारण त्यांनी लहर आखूड केली, थेट 5 मिलिमीटरपर्यंत. या लहरी आधी निर्माण करून दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ यांच्या लांब लहरींना अवाढव्य सामान लागे; बोसांचं सगळं टेबलावर मावलं. प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या लहानशा खोलीत, एका पत्रे ठोकणाऱ्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी ही यंत्रं घडवली. 1895 मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांच्या लहरी भिंतींपार गेल्या, पलीकडे घंटा वाजली, बंदुकीची दारू पेटली. गॅलेना या शिशाच्या खनिजाचा खडा वापरून लहरी टिपणाऱ्या यंत्राचं अमेरिकन पेटंट त्यांना 1904 मध्ये मिळालं, तेही त्यांच्या अमेरिकन स्नेही सारा बुल यांच्या आग्रहामुळे. त्यातून पैसा करायचा नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं.

मार्कोनींनी बोसांचं श्रेय चोरलं, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. मला ते पटत नाही. 1901 मध्ये अटलांटिकपार संकेत पोचवणं हे मार्कोनींचं मोठंच काम. बोसांचं काम वेगळं आहे आणि आज ते अधिक जवळ आलं आहे. आपल्याकडे 2022 मध्ये 5जीसाठी ज्या 26 गिगाहर्ट्झ लहरींचा लिलाव झाला, त्यांची लांबी साधारण साडेअकरा मिलिमीटर. बोस 5 ते 25 मिलिमीटरच्या लहरींवर काम करत होते, आणि तेव्हा सोलापुरात वीजही घरोघरी नव्हती.

येत्या 30 नोव्हेंबरला त्यांची जयंती आहे. त्या आठवड्याच्या बालपुरवणीत तागाचा प्रयोग चित्रासह छापावा, ही विनंती. आमच्या भागातल्या कुठल्याही शाळेने बोलावलं, तर दोन्ही पिळांच्या जुड्या वळून घेऊन यायला मी तयार आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त जॉबर, अशोक चौक, सोलापूर