सहीच्या आधी हिशेब मांडणाऱ्या सीआरपी ताईंना

प्रिय ताई,

सा. न.

तुम्ही आमच्या सीआरपी, म्हणजे बचत गटांना वाट दाखवणाऱ्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि कोणाचा हप्ता थकलाय ते विचारता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. आमच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला, हे शिरोळ तालुक्यात पुष्कळांना ठाऊक आहे. त्याआधी तुम्ही आम्हाला काय काय विचारलंत, ते मात्र आमच्यापुरतंच राहिलंय. इतर गटांना खरा उपयोग त्याचाच होईल.

‘नमो ड्रोन दीदी’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. देशभरातले १५ हजार महिला बचत गट आणि १,२६१ कोटी रुपये, असा तो पसारा. आमच्या गावात पोचलं ते एवढंच, की सरकार बायकांना ड्रोन फुकट देणार. गावातल्या बचत गटांच्या ग्रामसंघाच्या बैठकीत आम्ही ठराव लिहायलाच बसलो होतो. तुम्ही ठरावाची वही बाजूला सारलीत आणि भिंतीवरच्या फळ्यावर आकडे मांडलेत. अनुदान ८० टक्के, तेही जास्तीत जास्त ८ लाख. ड्रोन आणि त्याच्यासोबतचं साहित्य असा संच १० लाखांचा धरला तर उरलेले २ लाख गटाच्या नावावर कर्ज. ते कृषी पायाभूत सुविधा निधीतून घेता येतं, व्याजात ३ टक्के सवलत मिळते. पण सवलत मिळाली तरी कर्ज ते कर्ज, ते फेडायचं आपणच. “आता सांगा, अनुदान आहे म्हणून घ्यायचा, का काम आहे म्हणून घ्यायचा?” तुमच्या या प्रश्नाला तेव्हा कोणाकडेच उत्तर नव्हतं.

ते शोधायला तुम्ही आम्हाला घरोघर धाडलंत. ऊस किती, सोयाबीन किती, फवारणी कोणत्या महिन्यात, मजूर मिळतो का, एकरी किती द्याल, हे सगळं वहीत उतरवायचं. गटाला वर्षाला किमान लाखभर जादा मिळतील, असा अंदाज सरकारनं मांडला आहे. तो दिल्लीत बसून मांडलाय, आपला आपण मांडू, असं तुमचं म्हणणं. आमची वही भरली तेव्हा आकडा त्याच्या आसपास आला, आणि मगच सह्या झाल्या. योजना चांगलीच आहे, मी तिच्या जिवावर उभी आहे. पण आकडे न मांडता घेतलेलं यंत्र गोठ्यात पडून राहतं, अशी उदाहरणं पंचक्रोशीत आहेत.

आणि तुमचा तो पुराचा प्रश्न! २०१९ आणि २०२१ चं पाणी ज्यांनी घरात पाहिलंय, त्या आम्हा बायकांच्याही डोक्यात तो आला नव्हता. ड्रोन ठेवणार कुठे? पाणी वाढायला लागलं तर कोण नेणार, कशातून, कोणाच्या घरी? तुम्ही प्रस्तावाच्या आधी जयसिंगपूरला उंचावरची एक खोली बघायला लावलीत. कुठल्याच अर्जात हा रकाना नसतो.

माझं नाव पायलट म्हणून पुढे आलं, तेव्हा कागदांनी अडवलं. दहावीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ही अडचण गावोगावच्या किती बायकांची असेल! ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला काढण्यापासून तुम्ही मला वाट दाखवलीत, पण अर्जातली एक ओळही स्वतः भरली नाहीत. पुढच्या वेळी तूच दुसरीला भरायला शिकवशील, म्हणालात. त्याचा अर्थ आता कळतो. आत्याबाईंना भेटायलाही तुम्हीच आलात. प्रशिक्षणासाठी पंधरा दिवस सून घराबाहेर राहणार, म्हशींची धार कोण काढणार, हा त्यांचा साधा सवाल होता. तुम्ही त्याला उत्तर न देता त्यांनाच विचारलंत, की तुमचा मुलगा पाठीवर पंप घेऊन उसात शिरतो तेव्हा घरी आल्यावर त्याचे डोळे कसे असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, ते आत्याबाईंना माहीत होतं. त्या म्हणाल्या, “जाऊंदे तिला. धारेचं मी बघतो.”

पंधरा दिवसांतले पाच दिवस ड्रोन उडवण्याचे आणि दहा दिवस शेतातल्या फवारणीचे. प्रशिक्षणाचा खर्च संचातच धरलेला असतो, वेगळी फी नाही. माझ्यासारखीला हे अनुदान सगळ्यांत मोठं वाटतं. यंत्र उद्या जुनं होईल, पण रिमोट पायलटचं प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं आणि ते माझ्या नावावर आहे. केंद्रावर आधी संगणकावर उडवायला दिलं, मग मैदानावर. मला सगळ्यांत जड गेला तो नियमांचा भाग, आणि आज रोज कामाला येतो तोच. ड्रोनला त्याचा ओळख क्रमांक हवा. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर रंगांचे पट्टे असतात: हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, विमानतळाच्या जवळ लागते, तांबड्या पट्ट्यात तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचाच नाही. मध्यंतरी गडमुडशिंगीहून फोन आला. चांगलं मोठं काम होतं, पण शिवार उजळाईवाडीच्या विमानतळाला लागून. नकाशा पाहिला आणि त्यांना नाही म्हणून कळवलं. गटातल्या एकीनंही त्यावर नाराजी दाखवली नाही. फळ्यावरच्या आकड्यांसोबत हे नियमही तुम्ही सगळ्यांना वाचून दाखवले होते, त्याचा हा गुण.

माझ्याबरोबर सहायक म्हणून धाकट्या दिराचं नाव तुम्हीच सुचवलंत. तो इचलकरंजीत जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा होता. बिघाड आवाजावरून ओळखायची त्याला सवय. सहायक घरातला चालतो आणि दुरुस्तीची जाण असलेला लागतो, हे तुम्ही नियमात नीट वाचलं होतंत.

आता कामाचं सांगते. ऊस डोक्याच्या वर गेला की सरीत माणूस शिरत नाही. शिरला तर पाल्यानं अंग कापतं आणि औषध त्याच्याच तोंडावर पडतं. वरून फवारताना आम्ही दोघं बांधावर, वारा जिकडून येतो त्या बाजूला. पाठीवरच्या पंपाला एकरी दीडदोनशे लिटर पाणी ओढावं लागायचं, इथे दहा लिटरच्या आसपास भागतं, आणि एकराला साधारण दहा मिनिटं. संचात वारा मोजायचं यंत्र येतं. वारा जास्त असला तर शेतकरी कितीही घाई करो, आम्ही थांबतो. शेजारच्या भाजीवर तणनाशकाचा तुषार गेला तर भांडण आपल्या दारात येणार. पावसाळ्यात वाफसा नसतो, रानात पाय रुततो, तेव्हा तर आम्हाला उसंत नसते.

ताई, तुमचा सगळ्यांत अवघड प्रश्न मी शेवटी ठेवलाय: तिसऱ्या वर्षी काय? विमा एक वर्षाचा, वॉरंटी एक वर्षाची, देखभालीचा करार दोन वर्षांचा. जादा बॅटऱ्या संचात येतात, पण त्या झिजतात आणि नव्या स्वस्त नाहीत. त्यासाठी अनुदान नाही. माझ्या मते योजनेतली ही जागा सरकारनं भरायला हवी. तोवर आम्ही तुमचं ऐकलं. प्रत्येक एकरामागे ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात जाते, गटांचे बँकेचे व्यवहार बघणारी बँक सखी दर महिन्याला पासबुक दाखवते, आणि त्या पैशाला कर्जाच्या हप्त्यासाठीसुद्धा हात लावायचा नाही, असा ठराव आहे. तो ठराव मात्र आम्ही तुमच्यासमोर, एका बैठकीत लिहिला.

परवा कुरुंदवाडकडच्या एका गटाचा निरोप आला, त्यांना प्रस्ताव करायचाय. मी त्यांना आधी आमची घरोघरची वही न्यायला सांगितलंय, आणि फळा लागेल म्हणून ग्रामसंघाच्याच खोलीत बसायचं ठरलंय. तुम्हाला मंगळवारी दुपारी सवड असेल तर या. नसेल तर पुराचा आणि तिसऱ्या वर्षाचा, दोन्ही प्रश्न मीच विचारीन.

तुमची,
शिरोळ तालुक्यातल्या तुमच्याच एका गटाची ड्रोन पायलट