शिकवता शिकवता शिकणाऱ्यांना वेळ कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेवेतील शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) बंधनकारक करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ सप्टेंबर २०२५ रोजी आला, तेव्हापासून शिक्षकांच्या पात्रतेवर पुष्कळ लिहिले-बोलले जात आहे. सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षे उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचे. त्याहून कमी उरलेल्यांची नोकरी राहील, पण परीक्षेशिवाय बढती नाही, असा तो निकाल. गुण, मुदत, प्रमाणपत्र यांचा हिशेब सगळेच मांडत आहेत. पण वर्ग सांभाळत प्रशिक्षण घेणाऱ्या शिक्षकाला शिकायला वेळ कुठून मिळतो, त्याचा पाठ कोण पाहतो, हे कुणी विचारत नाही. आधी मुख्याध्यापिका म्हणून आणि पुढे प्रशिक्षणार्थी शिक्षकांच्या सराव पाठांची निरीक्षक म्हणून या मंडळींना मी जवळून पाहिले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी शाळेत रुजू व्हायचे आणि मग पात्रता मिळवायची, हा मार्ग आपल्याकडे जुना आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हा अप्रशिक्षित शिक्षकांना पात्रतेसाठी पाच वर्षे दिली होती. ती पुरली नाहीत. २०१७ मध्ये दुरुस्ती करून ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत वाढवली आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने नोकरीत असलेल्यांसाठी डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका सुरू केली. देशभरातून बारा लाखांहून अधिक शिक्षकांनी नावे नोंदवली. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण-मंचावरचे व्हिडिओ, दूरचित्रवाहिनीवरची व्याख्याने, स्वाध्याय, सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्रे, असा तो अभ्यासक्रम. पुढे अठरा महिन्यांची ही पदविका दोन वर्षांच्या पदविकेच्या बरोबरीची आहे का, यावरून वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२३ मध्ये न्यायालयाने ‘नाही’ म्हटले. १० ऑगस्ट २०१७ रोजी सेवेत असलेल्या आणि मुदतीत पदविका पूर्ण केलेल्या शिक्षकांसाठी ती ग्राह्य असल्याचा खुलासा नंतर झाला. मधल्या काळात या माणसांनी काय सोसले असेल! सांगितले तेव्हा नावे नोंदवली, शाळा सांभाळून परीक्षा दिल्या, आणि हातात आलेला कागद खरा की खोटा हे कळायला वर्षे गेली.

या मार्गाने आलेल्यांना कमी लेखण्याची पद्धत मला मान्य नाही. उलट, शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही असे माझे ठाम मत आहे. नियमित बी.एड.च्या छात्राध्यापकाला दोन वर्षांत मिळून २० आठवडे शालेय अनुभव मिळतो, तोही दुसऱ्याच्या वर्गात. मुलांची नावे पाठ होईपर्यंत निघायची वेळ होते. नोकरीतल्या शिक्षकाजवळ तीच मुले वर्षभर असतात. रात्री वाचलेले सकाळी करून पाहता येते, फसले तर आठवड्याने पुन्हा वेगळ्या रीतीने घेता येते. अपूर्णांकांत एकतृतीयांशापेक्षा एकचतुर्थांश मोठा, कारण तीनपेक्षा चार मोठे, असे म्हणणारे मूल जवळपास प्रत्येक वर्गात असते. त्याच्या मनात पूर्ण संख्यांचाच नियम चालू आहे, हे पुस्तकातून एका वाक्यात कळते. पण ते मूल समोर बसलेले असले, की कागदाची पट्टी दुमडून त्याला काय दाखवायचे हे सुचायला लागते.

मात्र यासाठी वर्गात मागच्या बाकावर आणखी कुणीतरी बसलेले लागते. ‘समजलं का?’ म्हटले की सारा वर्ग ‘हो’ म्हणतो आणि नवा शिक्षक पुढे जातो. प्रश्न विचारल्यावर आपण दोन सेकंदही थांबत नाही, ठरावीक तीन-चार मुलेच उत्तरे देतात, खिडकीकडच्या रांगेत आपण कधी गेलोच नाही, हे शिकवणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. ते अनुभवी सहकाऱ्याला दिसते. तास संपल्यावर दोघांनी दहा मिनिटे बसून मुलांच्या चुकलेल्या वह्या चाळल्या, तर चार व्याख्यानांचे काम होते. कुणी पाहणारे नसेल तर चुकीच्या सवयीही तितक्याच पक्क्या होतात, आणि त्याची किंमत त्या वर्षी वर्गात असलेली मुले मोजतात.

प्रत्यक्षात काय दिसते? प्रशिक्षण घेणाऱ्याचे वेळापत्रक गच्च. एखादी तासिका मोकळी मिळालीच तर कुणी रजेवर म्हणून बदली तास लागतो. शिवाय मतदार याद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे आहेच. विनाअनुदानित शाळेतला किंवा घड्याळी तासिकेवरचा शिक्षक तुटपुंज्या पैशांत घर चालत नाही म्हणून संध्याकाळी शिकवण्या घेतो आणि रात्री स्वाध्याय लिहायला बसतो. मग पाठटाचणे आदल्या वर्षीच्या कुणाच्या तरी फाइलीतून उतरतात, आणि न पाहिलेल्या सराव पाठांवर शेरे पडतात: ‘फलकलेखन उत्तम, प्रश्नोत्तरे समाधानकारक.’ अशा वह्या मी पाहिल्या आहेत आणि फार वाईट वाटले आहे. दोष त्या शिक्षकाला देऊन भागणार नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित हवेत आणि त्यांना पगारही चांगला हवा, या दोन्ही मागण्या होत्या. आपण पहिली धरून बसलो आणि दुसरी सोडून दिली.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून नव्याने पात्र झालेल्या शिक्षकालासुद्धा दोन वर्षे नेमून दिलेला मार्गदर्शक असतो. अध्यापनाचा भार पहिल्या वर्षी १० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के कमी केला जातो. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय अभियानाची आणि दरवर्षी ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची तरतूद आहे. पण हे ५० तास शाळेच्या वेळेतले की शिक्षकाच्या झोपेतले, हे ठरवल्याशिवाय त्याला काय अर्थ?

माझे म्हणणे शिक्षण विभागाला आणि संस्थाचालकांनाही आहे. डी.एल.एड., बी.एड. किंवा टीईटीची तयारी करणाऱ्या प्रत्येक सेवेतील शिक्षकाला आठवड्यातून किमान दोन तासिका वेळापत्रकातच राखून द्या: एकीत मार्गदर्शकाने त्याचा पाठ पाहायचा, दुसरीत दोघांनी बसून पुढच्या आठवड्याची आखणी करायची. मार्गदर्शकाचा भारही तेवढाच कमी करा, नाहीतर चांगला शिक्षक हे काम अंगावर घेणार नाही. सराव पाठावर सही करण्याचा अधिकार वर्गात पूर्ण तास बसलेल्यालाच असावा. लहान, द्विशिक्षकी शाळांत हे जमणार नाही हे मला ठाऊक आहे. तिथे केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एखाद्या अनुभवी शिक्षकाला ठरलेल्या दिवशी पाठवावे लागेल आणि त्याच्या वर्गासाठी बदली शिक्षक द्यावा लागेल. खर्च येईल, तो शासनाने करावा. विनाअनुदानित शाळांना मान्यता देताना ही अट घालावी. आणि या दोन तासिकांना कोणत्याही कारणाने बदली तास लावता येणार नाही, अशी स्पष्ट ओळ शासन निर्णयात असावी.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका