ओढाताणीच्या संसाराला घाऊक सभासदत्व परवडेल का?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

वर्षाचे शुल्क भरून सभासद व्हायचे, गोदामासारख्या अवाढव्य दुकानातून मोठ्या मापात माल उचलायचा आणि त्यातून घरखर्चात बचत करायची, ही कल्पना आता पुण्यातल्या घराघरांत बोलली जाऊ लागली आहे. परदेशी गेलेली मुले आणि भाचे-पुतणे तिकडचा अनुभव सांगतात, इकडे निरनिराळ्या सशुल्क योजनांच्या जाहिराती फोनवर येत राहतात, आणि महिन्याच्या किराणा बिलाने मेटाकुटीला आलेल्या माणसाला वाटते की आपणही हे करून पाहावे. धायरी परिसरातील महिला बचत गटांच्या हिशेबाचे काम मी पाहते. ज्या घरांत महिन्याचा पैसा महिन्यालाच संपतो, त्या घरांच्या बाजूने या प्रश्नाचा विचार व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. ज्यांच्या हाती महिनाअखेर चार पैसे शिल्लक राहतात, त्यांना असे सभासदत्व लाभू शकते. पण ज्यांना बचतीची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांना ते एकट्याने घेणे बहुधा परवडत नाही. एकत्र येऊन घाऊक खरेदी करणे मात्र त्यांनाही परवडते, आणि त्यासाठी कुणाला शुल्क द्यावे लागत नाही.

हा प्रकार मुळात अमेरिकेतला. सोल प्राइस यांनी १९७६ मध्ये सॅन डिएगो येथे ‘प्राइस क्लब’ काढला तो लहान व्यावसायिकांसाठी. घरगुती ग्राहक त्यात मागाहून आले. १९८३ मध्ये सिएटलला सुरू झालेली ‘कॉस्टको’ ही आज या प्रकारातली सर्वांत मोठी साखळी आहे. अमेरिकेत तिचे साधे वार्षिक शुल्क सप्टेंबर २०२४ पासून ६५ डॉलर आहे आणि वरच्या श्रेणीचे १३० डॉलर. वरच्या श्रेणीत पात्र खरेदीवर दोन टक्के परत मिळतात, म्हणजे जादा भरलेले ६५ डॉलर नुसते भरून निघायलाच वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी व्हावी लागते. दुकान मालावर थोडा नफा ठेवते आणि सभासदांचे शुल्क हा त्याच्या कमाईचा मोठा आधार असतो. त्यामुळे तिथला माल खरोखरच स्वस्त असतो, त्यात फसवणूक काही नाही. परंतु तिथल्या सभासदाजवळ बहुधा मोटार असते, सामान ठेवायला तळघर किंवा गॅरेज असते, मोठा फ्रीझर असतो, आणि पुष्कळांचे शुल्क तर सभासदांसाठी असलेल्या पेट्रोल पंपावरच वसूल होते. तिकडे राहणाऱ्या माझ्या भाचीने मला याबद्दल विचारले तेव्हा मी तिला एवढेच म्हटले, की बाळाचे डायपर, दूध आणि पेट्रोल या तीन गोष्टींवर शुल्क निघत असेल तर जरूर घे, आणि नाही जमले तर शुल्क परत माग. समाधान न झाल्यास शुल्क परत करण्याची त्या दुकानाची पद्धत मला फार मोलाची वाटते, आणि आपल्याकडच्या प्रत्येक सशुल्क योजनेत ती असायला हवी.

आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे. परदेशी कंपन्यांना घाऊक व्यापारात शंभर टक्के मुभा आणि किरकोळ विक्रीत निर्बंध, असे आपले धोरण असल्याने २००३ मध्ये भारतात आलेल्या ‘मेट्रो कॅश अँड कॅरी’ची कार्डे दुकानदार, हॉटेलवाले, संस्था अशांसाठीच होती. (तो व्यवसाय २०२३ मध्ये रिलायन्सने विकत घेतला.) घरगुती ग्राहकासमोर मात्र एक गोष्ट आधीपासूनच आहे: डीमार्टसारखी दुकाने कोणतेही सभासद शुल्क न घेता छापील किमतीपेक्षा कमी दराने माल विकतात, आणि पेठांमधले जुने किराणा दुकानदारही ओळखीच्या गिऱ्हाइकाला दोन-पाच रुपये सोडतात. म्हणून सभासदत्वाने होणारी बचत मोजायची ती छापील किमतीशी तुलना करून नव्हे, तर आज आपण प्रत्यक्ष जो दर देतो त्याच्याशी तुलना करून.

हा फरक किती मोठा आहे, ते आकड्यांत मांडून पाहावे. समजा वर्षाचे शुल्क १,००० रुपये आहे आणि दुकान छापील किमतीवर १२ टक्के सूट देते. वरवर पाहता साधारण साडेआठ हजारांच्या मालात शुल्क वसूल झाले असे वाटते. पण आपला नेहमीचा दुकानदार ८ टक्के आधीच सोडत असेल, तर खरा फायदा शंभर रुपयांच्या छापील किमतीमागे चारच रुपयांचा उरतो, आणि शुल्क भरून निघायला छापील किमतीने २५,००० रुपयांचा माल घ्यावा लागतो. तिथवर बचत शून्य आहे. शिवाय हा सगळा माल आपण एरवीही घेतलाच असता, असा असायला हवा. दुकानात गेल्यावर दिसला म्हणून घेतलेला बिस्किटांचा मोठा डबा या हिशेबात धरता येत नाही.

आता मुख्य अडचणीकडे येते. ओढाताणीच्या घरात पैसा किती येतो याइतकेच तो केव्हा येतो याला महत्त्व असते. आमच्या गटातल्या एक ताई चार घरची धुणीभांडी करतात. एका घरचा पगार एक तारखेला मिळतो, दुसऱ्या घरचा पाचला, उरलेल्या दोन घरचा दहाच्या पुढे केव्हातरी. घरभाडे पाच तारखेला द्यावेच लागते. अशा घरात तीस किलो तांदळाचा कट्टा आणि तेलाचा डबा यांसाठी एकरकमी चार हजार रुपये बाजूला काढले, तर वीस तारखेला गॅस संपल्यावर हात पसरावे लागतात. कट्ट्यामागे किलोला तीन रुपये वाचले असे धरले तर बचत नव्वद रुपयांची झाली; आणि दोन हजार रुपये शेकडा पाच रुपये दराने महिनाभर उसने घेतले तर व्याजच शंभर रुपये झाले. वाचवलेले सगळे गेले आणि वर दहा रुपये खिशातून गेले. धान्याच्या कट्ट्यात अडकलेला पैसा औषधाला किंवा मुलाच्या शाळेच्या फीला कामी येत नाही, ही गोष्ट जे पगारावर निश्चिंत असतात त्यांच्या लक्षात सहज येत नाही.

याच कारणासाठी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची उधारीची वही मला कमी लेखवत नाही. तो किलोमागे दोन रुपये जास्त घेत असेल, पण पाव किलो तूरडाळ देतो, सात तारखेपर्यंत थांबतो आणि घरात आजारपण असेल तर आणखीही थांबतो. रोखीने, मोठ्या मापात आणि वर्षाचे शुल्क आगाऊ घेऊन विकणारे दुकान यातले काहीच करू शकत नाही. घाऊक खरेदीच्या नादात या दुकानदाराशी असलेला व्यवहार तुटला, तर अडीनडीला तो पुन्हा जोडता येईलच असे नाही.

साठवणीबद्दल फार लिहीत नाही, कारण पुण्याच्या पावसाळ्यात बंद डब्यातल्या रव्यात जाळ्या कशा होतात आणि तांदळात सोंडे कसे पडतात, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. साबण, कपडे धुण्याची पावडर, साखर, मीठ हे टिकते. पीठ, रवा, शेंगदाणे आणि दळलेला मसाला लहान घरात मोठ्या मापात घेऊ नये. शेंगदाण्याला ओल लागून बुरशी आली तर तो निवडून खाण्यातही धोका असतो, तो टाकूनच द्यावा लागतो. आणि घरात भरपूर आहे म्हटले की वापरणाऱ्याचा हात सैल सुटतो, हेही खरेच.

मोठे माप नेहमी स्वस्तच पडते, असेही नाही. शाम्पूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या अनेकदा मोठ्या बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त पडतात. तेलाच्या डब्यावर ‘१५ लिटर’ लिहिले आहे की ‘१५ किलो’, हे फार थोडे लोक वाचतात. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणून पंधरा लिटरच्या डब्यात सुमारे १३.६५ किलोच तेल असते आणि ‘१५ लिटर’ व ‘१५ किलो’ या दोन प्रकारच्या डब्यांत जवळजवळ एक किलो ३५० ग्रॅमचा फरक पडतो. कराचेही असेच आहे. १८ जुलै २०२२ पासून बंद पाकिटातल्या, लेबल लावलेल्या धान्य, डाळी आणि पिठावर २५ किलोपर्यंत ५ टक्के जीएसटी लागू झाला. त्याहून मोठी पोती आणि सुटा माल या करातून वगळला गेला. मोठा कट्टा स्वस्त दिसतो त्यामागे हेही एक कारण आहे, पण तोच लाभ दुकानातून सुटे दोन किलो तांदूळ घेणाऱ्यालाही मिळतो, त्यासाठी कट्टाच विकत घ्यायला हवा असे नाही. ज्यांना अन्न सुरक्षा योजनेतून माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते, त्यांनी तर गहू-तांदळाच्या घाऊक खरेदीचा विचार करण्यापूर्वी रेशनवरून येणारे धान्य वजा करून पाहावे.

आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरण्याची रीत आहे आणि घाऊक खरेदीच्या बाजूने तिचाच दाखला दिला जातो. पण त्या बेगमीतली बचत मुख्यतः हंगामाची असते. मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू बाजारात येतो तेव्हा लोकवन असो वा सिहोर, दर उतरलेले असतात, आणि घरात उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेला गहू वर्षभर टिकतो. ही खरेदी वर्षातून एकदा होते; तिच्यासाठी बारा महिन्यांचे सभासद शुल्क कशाला?

ज्यांना एकट्याने कट्टा घेणे झेपत नाही त्यांनी काय करावे, याचे उत्तर पुण्याने पन्नास वर्षांपूर्वीच शोधायला सुरुवात केली होती. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे, म्हणजे ग्राहकांच्या संघटनेचे, काम सुरू केले. टिळक रस्त्यावरचे ‘ग्राहक पेठ’ हे दुकान पुणेकरांना चांगले परिचित आहे. आणि १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल एकत्र मागवण्याची आणि आपापसांत वाटून घेण्याची पद्धत रुजवली. आमच्या गटांनी तोच मार्ग लहान प्रमाणात धरला आहे. मार्केट यार्डच्या भुसार विभागातून तांदूळ, तूरडाळ आणि साखरेचे कट्टे पाच-सहा घरे मिळून आणतात. कट्टा एकीच्या घरी फोडला जातो, जमिनीवर स्वच्छ चादर अंथरलेली असते, वजनकाटा सर्वांसमोर शून्यावर आणला जातो आणि प्रत्येकीच्या पिशवीत माप पडते. सांडलेले, चाळणीत उरलेले आणि सुतळीसह पोत्याचे वजन मिळून थोडी घट येतेच. ही घट शेवटच्या पिशवीवर न टाकता सर्वांत सारखी वाटायची, आणि हमाली व टेम्पोचे भाडे किलोवर चढवूनच दर ठरवायचा, हे दोन नियम पाळले नाहीत तर पहिल्याच महिन्यात कुरबुरी सुरू होतात. कट्टा आणायला एकाच घरासाठी टेम्पो केला तर भाड्यातच बचत संपते, सहा घरांत ते भाडे जाणवत नाही. ज्या ताईंकडे त्या दिवशी रोख नसते, त्यांना गटाच्या निधीतून शेकडा दोन रुपये दराने महिन्याची उचल मिळते, आणि ते व्याज सावकाराकडे न जाता गटातच राहते. यात कुणाला पूर्ण कट्टा घ्यावा लागत नाही, म्हणून माल घरात सडत नाही आणि पैसाही अडकत नाही.

कुणाला सशुल्क सभासदत्व घ्यायचेच असेल, तर माझी एक सूचना आहे. आधी दोन-तीन महिन्यांची किराण्याची बिले जपून ठेवावीत, त्यांतल्या ज्या वस्तू टिकतात आणि दर महिन्याला लागतातच तेवढ्याच निवडाव्यात, त्यांचा आजचा प्रत्यक्ष दर त्या दुकानाच्या दराशी ताडून पाहावा, आणि जाण्यायेण्याचा खर्च वजा करून शुल्काच्या निदान दुप्पट बचत होत असेल तरच पैसे भरावेत. दुप्पट अशासाठी म्हणते, की वर्षभरात आजारपण, गावी जाणे, पगार लांबणे हे होतेच आणि ठरवलेली खरेदी पूर्ण होत नाही.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे आणि संबंधित खात्याकडे दोन विनंत्या आहेत. पाकिटावर आता किलो, ग्रॅम वा लिटरमागचा दर छापावा लागतो, परंतु तो छापील कमाल किमतीवरून काढलेला असतो. मोठ्या दुकानांनी सवलतीनंतरचा प्रत्यक्ष दरही किलोमागे किती पडतो ते मांडणीवर ठळक लिहावे, असा नियम वजनमापांवर देखरेख ठेवणाऱ्या वैधमापनशास्त्र यंत्रणेने करावा. आणि वृत्तपत्रांत मार्केट यार्डचे भुसार मालाचे घाऊक दर छापले जातात, ते बहुधा क्विंटलचे असतात. आपण त्यांच्या शेजारीच त्याच जातीच्या तांदळाचा, डाळीचा आणि साखरेचा शहरातला किरकोळ दर किलोमागे छापलात, तर कट्टा आणावा की कोपऱ्यावरून दोन किलो घ्यावेत, हे गटातल्या बायकांना स्वयंपाकघरात बसून ठरवता येईल.

आपली नम्र,
एक वाचक,
धायरी, पुणे