शांतता समितीची बैठक सण नसतानाही व्हावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव, ईद, नवरात्र किंवा एखादी जयंती जवळ आली की शहरातील पोलीस ठाण्यांमध्ये शांतता समितीच्या बैठका होतात आणि त्यांच्या बातम्या छायाचित्रांसह आपल्या दैनिकात येतात. आमच्या परिसरातील ज्येष्ठ नागरिक संघाच्या वतीने अशा काही बैठकांना मी उपस्थित राहिलो आहे. तेथे होणारे काम निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिक्षेपकाची वेळ, लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा, रस्त्यांवरील खड्डे हे विषय तेथे मार्गी लागतात. परंतु शेजारी राहणाऱ्या दोन समाजांच्या मनात एकमेकांविषयी काय साचले आहे, याबद्दल तेथे कोणी बोलत नाही. व्यासपीठावर मान्यवर, समोर खुर्च्यांच्या रांगा, शाल-श्रीफळ, ‘आमचा भाग नेहमीच शांत असतो’ अशी प्रत्येकाची ग्वाही, चहापान आणि समाप्ती. पुढची बैठक पुढच्या सणाला. ऑगस्ट २०२४ मध्ये बंदच्या दिवशी जुन्या नाशकात दगडफेक झाली, तेव्हा सणाची मिरवणूक कोणतीच नव्हती.

क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभांची पद्धत मी या संदर्भात वाचकांपुढे ठेवू इच्छितो. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या प्रेरणेने हा पंथ उभा राहिला. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, त्यामुळे मध्ये पुरोहिताची गरज नाही, ही त्यांची मूळ धारणा. आज जगभरात त्यांची संख्या चार लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढी आहे. मुलीकडे बर्मिंगहॅमला राहण्याचा योग आला असता तेथील एका सभेत मला बसता आले. साधी खोली, समोरासमोर मांडलेल्या खुर्च्या, मध्ये मेजावर थोडी फुले आणि दोन-तीन पुस्तके. ना वेदी, ना मूर्ती, ना प्रवचन. सर्वजण सुमारे तासभर शांत बसतात. कोणाला आतून काही सांगावेसे वाटले तर तो उभा राहून थोडक्यात बोलतो आणि खाली बसतो. त्याला लगेच उत्तर द्यायचे नाही, खोडून काढायचे नाही आणि वाहवाही करायची नाही, असा संकेत आहे; बोललेले शब्द काही वेळ तसेच राहू द्यायचे असतात. अखेरीस दोन ज्येष्ठ सदस्य हस्तांदोलन करतात, सभा संपते आणि मग चहाबरोबर गावच्या गप्पा सुरू होतात. (सर्वच क्वेकर असे मौन बसतात असे नाही. सर्वाधिक क्वेकर केनियात आहेत आणि तेथील उपासनेत गायन व प्रवचन दोन्ही असतात.)

मला अधिक मोलाची वाटली ती त्यांची कामकाजाची सभा. तीत मतदान होत नाही. इमारतीची दुरुस्ती असो वा निर्वासितांना मदत करण्याचा प्रश्न असो, सर्वांचे म्हणणे ऐकून घेतल्यावर सभेचा चिटणीस त्याच ठिकाणी, सर्वांसमक्ष ठरावाचा मसुदा लिहितो आणि वाचून दाखवतो. कोणाला तो आपल्या म्हणण्याशी जुळत नाही असे वाटले तर शब्द बदलले जातात. तरीही जुळले नाही तर विषय पुढच्या महिन्यावर जातो. बहुमताने अल्पमताला हरवण्याची सोयच या पद्धतीत ठेवलेली नाही. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभा ज्यांनी अनुभवल्या आहेत, त्यांना हे अशक्यप्राय वाटेल, आणि या पद्धतीने निर्णयाला फार वेळ लागतो हेही खरे आहे. अमेरिकेतील जर्मनटाऊन येथे काही क्वेकरांनी १६८८ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला; परंतु सदस्यांनी गुलाम बाळगू नयेत असा निर्णय फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने घेतला तो १७७६ मध्ये. मधल्या ८८ वर्षांत ज्यांची आयुष्ये साखळदंडांत गेली, त्यांना या संयमाचे कौतुक कसे असणार? मात्र एकदा एकमत झाल्यावर ते टिकले. ब्रिटनमधील गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी १७८७ मध्ये जी समिती स्थापन झाली, तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ क्वेकर होते.

त्यांच्या शांततावादाचा उगमही निवांतपणात झालेला नाही. १६६१ च्या जानेवारीत लंडनमध्ये दुसऱ्याच एका पंथाच्या लोकांनी सशस्त्र उठाव केला आणि संशयावरून हजारो क्वेकरांना तुरुंगात डांबण्यात आले. तेव्हा राजा दुसरा चार्ल्स याला दिलेल्या निवेदनात त्यांनी कोणत्याही हेतूसाठी, कोणत्याही कारणाने शस्त्र न उचलण्याची भूमिका जाहीर केली. ती पाळणे प्रत्येकाला जमले नाही. पहिल्या महायुद्धात अनेक तरुण क्वेकर सैन्यात भरती झाले. ज्यांनी नकार दिला त्यांच्यापैकी काहींनी तुरुंगवास पत्करला, तर काहींनी १९१४ मध्ये रुग्णवाहिका पथक उभारून जखमींची सेवा केली. युद्ध संपल्यावर पराभूत जर्मनीत उपासमार सुरू झाली, तेव्हा अमेरिकन क्वेकरांच्या सेवा समितीने शत्रुराष्ट्राच्या शाळकरी मुलांसाठी अन्नछत्र चालवले. १९२१ च्या सुमारास एका वेळी दररोज दहा लाखांच्या घरात मुले तेथे जेवत होती. १९४७ चा नोबेल शांतता पुरस्कार या अमेरिकन समितीला आणि लंडनच्या क्वेकर सेवा मंडळाला मिळून देण्यात आला. कोणाला पुरस्कार मिळाला म्हणजे त्याचे सारे बरोबर, असे मी मानत नाही. परंतु रविवारी शांत बसणारी माणसे सोमवारी काय करतात, याचे उत्तर या इतिहासात आहे.

हा विषय आपल्यालाही परका नाही. गोलमेज परिषदेच्या वेळी, १९३१ मध्ये, गांधीजी बर्मिंगहॅम येथील क्वेकरांच्या वुडब्रुक या केंद्रात गेले होते. तेथे शिकवणारे होरेस अलेक्झांडर पुढे रुग्णवाहिका पथक घेऊन बंगालमध्ये आले आणि १९४७ च्या ऑगस्टमध्ये, दंगलीने होरपळलेल्या कलकत्त्यात, गांधीजींसोबत राहिले. मार्जोरी साइक्स या क्वेकर शिक्षिकेने आपल्या सेवाग्रामात नयी तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचे काम केले आणि १९६० च्या दशकात नागालँडमधील शस्त्रसंधीच्या काळात शांतता निरीक्षक म्हणून जबाबदारी उचलली. मध्य प्रदेशात होशंगाबादजवळच्या रसूलिया येथील क्वेकरांच्या ग्रामीण केंद्राने किशोर भारती या संस्थेबरोबर १९७२ मध्ये शालेय विज्ञान शिक्षणाचा जो कार्यक्रम सुरू केला, तो शिक्षणक्षेत्रातील मंडळींना ठाऊक असेलच. यातील कोणीही धर्मांतराचा हिशेब मांडत बसल्याचे दिसत नाही. काही वाचकांच्या मनात ती शंका येईल म्हणून हे लिहिले.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. देवळालीचे तोफखाना विद्यालय आणि ओझरचा विमान कारखाना ज्या जिल्ह्यात आहे, जेथील कितीतरी घरांतील मुले सीमेवर उभी आहेत, तेथे युद्धविरोधी पंथाचे गुणगान कशासाठी? मी स्वतः संपूर्ण शस्त्रत्याग मानत नाही. देशाच्या सीमेचा प्रश्न आणि गल्लीतील शेजाऱ्याचा प्रश्न वेगळे आहेत, आणि दुसऱ्या प्रश्नावर सैनिकाचे व क्वेकराचे मत फारसे निराळे असेल असे मला वाटत नाही. शांत बसण्याचा अनुभव तर या जिल्ह्याला इतरांपेक्षा अधिक आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेसाठी जगभरातून माणसे येतात. फरक एवढाच की तेथील मौन ज्याचे त्याने स्वतःसाठी पाळायचे असते, तर क्वेकर सभेतील मौन एकमेकांचे ऐकण्यासाठी आणि त्यातून एकत्र काही ठरवण्यासाठी असते. शांतता समितीला उपयोग आहे तो या दुसऱ्या प्रकारच्या मौनाचा.

नियमित भेटीचा परिणाम महाराष्ट्राने पाहिलेला आहे. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या, ज्यांत दोन्ही समाजांतील सामान्य माणसे पोलिसांबरोबर वारंवार बसत असत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तेथील बंदोबस्ताचाही त्यात वाटा असेल, परंतु ज्याच्या घरी आपण चहा प्यायलो आहोत त्याच्याविषयीची अफवा आपण निदान एकदा विचारून खात्री करून घेतो, एवढे तरी मान्य व्हावे.

म्हणून माझी सूचना अशी की नाशिकच्या प्रत्येक पोलीस ठाण्याच्या हद्दीत, पोलीस ठाण्यात नव्हे तर एखाद्या समाजमंदिरात किंवा शाळेत, महिन्यातून एकदा ही बैठक व्हावी. व्यासपीठ नसावे, खुर्च्या गोलाकार मांडाव्यात आणि पोलीस अधिकाऱ्यांनीही त्याच वर्तुळात बसावे. सत्कार पूर्णपणे बंद करावेत, कारण अर्धी बैठक त्यातच जाते. आरंभी दहा मिनिटे मौन असावे. त्यानंतर जो बोलेल त्याला कोणी मध्येच तोडू नये आणि तो खाली बसताच दुसऱ्याने उठून प्रतिवाद करू नये. जे ठरेल ते त्याच ठिकाणी लिहून वाचून दाखवावे आणि सर्वांना मान्य होईपर्यंत दुरुस्त करावे. आज इतिवृत्त नंतर कोणीतरी लिहितो आणि ते कोणी वाचत नाही. मंडळांचे अध्यक्ष आणि मशिदींचे विश्वस्त यांच्यापुरतीच ही बैठक मर्यादित असू नये. भद्रकालीतील भाजीविक्रेत्या, रिक्षाचालक, महाविद्यालयीन मुलेमुली यांना बोलावले पाहिजे, कारण अफवा प्रथम त्यांच्या मोबाईलवर येते. स्त्रियांची संख्या आज जवळपास नगण्य असते. बैठक सायंकाळी सातऐवजी दुपारी घेतली तर ती वाढेल, असे आमच्या भागातील महिलांनीच सुचवले आहे. अखेरीस प्रत्येकाने घरून डबा आणून अंगतपंगत करावी. कोण काय खातो यावरून वाद होईल अशी भीती काहींना वाटते. ती खरी ठरली तर तोही विषय बैठकीत घेता येईल.

सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. त्या काळात बाहेरून येणाऱ्या गर्दीचा आणि अफवांचा ताण या शहरावर पडेल, आणि ऐनवेळी घेतलेल्या एका बैठकीने तो पेलणार नाही. पोलीस आयुक्तालयाला याबाबतचे लेखी निवेदन आमचा संघ देत आहे. त्याला प्रतिसाद मिळो वा न मिळो, आमच्या विरंगुळा केंद्रात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी अशी बैठक घेण्याचे आम्ही ठरवले आहे. आपल्या दैनिकातील शहरातील कार्यक्रमांच्या सदरात तिची वेळ व ठिकाण प्रसिद्ध करावे, ही विनंती. फलक आणि प्रमुख पाहुणे नसल्यामुळे छायाचित्रकार पाठवण्याची आवश्यकता भासणार नाही.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक,
इंदिरानगर, नाशिक