दिवाळीला येत नाहीये, पण आधी पूर्ण वाचा

आई, बाबा,

काल फोनवर सांगणारच होते, पण आईने मधेच चकलीची भाजणी दळून आणल्याचं सांगितलं आणि माझी हिंमतच झाली नाही. मी ऑक्टोबरमध्ये येत नाहीये, जानेवारीत येईन. तिकीट बदललंय. म्हणजे विचारत नाहीये, सांगतेय, आणि हे लिहितानाच पोटात कसंतरी होतंय कारण बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी आल्यावरच करायचं असं मीच सगळ्यांना बजावून आले होते.

चिडायच्या आधी ऐका. इथे टांझानियात सरकारी शाळेत सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीत आणि फॉर्म वनला (म्हणजे आपल्या आठवीला) गेलं की एकदम सगळं इंग्लिश. सातवीची परीक्षा सप्टेंबरात, फॉर्म वन जानेवारीत, मधले जवळजवळ चार महिने पोरं रिकामी. शिकवायचं तर तेव्हाच, आणि मी नेमकी तेव्हाच बॅग भरणार? बाबा, माझी अकरावी आठवा ना. प्रकाशसंश्लेषण घडाघडा पाठ होतं आणि फोटोसिंथेसिस ऐकून मी रडत घरी यायचे, आणि तुम्ही ऑफिसातून आल्यावर चहा पण न घेता डिक्शनरी घेऊन बसायचात, वहीत दोन रकाने आखून. मी इथे फळ्यावर तसेच दोन रकाने आखते. डावीकडे उसानिसिनुरू, उजवीकडे फोटोसिंथेसिस.

आणि मावशीला सांगा, मी अनाथाश्रमात नाहीये. खूप अनाथाश्रमांत आई नाहीतर वडील जिवंत असलेलीच मुलं असतात, आणि दोन आठवडे येऊन फोटो काढून जाणाऱ्या लोकांच्या पैशावर ते चालतात, मला त्यातलं व्हायचं नव्हतं. आमची पोरं आजीकडे, आत्याकडे राहतात, शाळा सुटली की सेंटरवर येतात, जेवतात, अभ्यास करतात आणि घरी जातात. माझं पोलीस सर्टिफिकेट मागितलं तेव्हा बाबांना राग आला होता, मला उलट बरं वाटलेलं. एक छोटू आहे, आई-वडील दोघंही नाहीत, रोज मी निघाले की दारात उभं राहून 'केशो?' विचारतो. केशो म्हणजे उद्या. मी त्याला फार कडेवर घेत नाही. मी जाणारी बाई आहे ना.

बाकी माझी काळजी करू नका, खरंच. मच्छरदाणी आहे, मलेरियाची गोळी रोज घेते, गरम पाणी येतं (कधी कधी), गुजराती दुकानात तूरडाळ मिळते, चपातीला इथे चपातीच म्हणतात. कच्च्या केळ्यांचा रस्सा करतात, चांगला असतो पण आई, तुझ्या गोडा मसाल्याशिवाय सगळं अर्धवटच लागतं. इथल्या मोशी शहरातून सकाळी लवकर उठलं तर किलिमांजारो दिसतो, नंतर दिवसभर ढगात. मी लवकर उठते हे वाचून हसू नका. आणि पोरं मला दादा म्हणतात! स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ. बाबा मात्र बाबाच. मोठ्यांना भेटलं की 'शिकामो' म्हणायचं, म्हणजे पाय धरते. रोज इतक्या जणांना म्हणते आणि दर वेळी तुम्ही दोघं आठवता.

आता ऑपरेशन. पुढे ढकलायचं नाही, प्लीज. ताई चार दिवस सुट्टी काढतेय, माझं बोलणं झालंय, तिला नको नको म्हणू नका. ड्रॉप्स वेळेवर, ताई मोबाईलमध्ये अलार्म लावून देईल, तो वाजला की बंद करून परत झोपायचं नाही. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, खाली वाकायचं नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटरला हात लावायचा नाही, चावी ताईकडे द्या. आई, तू त्या गुडघ्याने लाडू वळत जमिनीवर बसू नकोस, यंदा फराळ विकत आण, कोणी काही म्हणत नाही. म्हणालंच तर मामी म्हणेल, ती काय, म्हणतच असते.

रात्री नऊला फोन करते, इथे साडेसहा वाजलेले असतात. बाबा रागावले असतील तर आई तू उचल, पण स्पीकरवर ठेव.

आणि भाजणी सगळी संपवू नका. डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव थोडी.

तुमची,
चिमणी