सवाष्णीच्या डोक्याला वस्तरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत केसगळतीवरील घरगुती उपायांचा पानभर लेख प्रसिद्ध झाला. ‘केस हाच स्त्रीचा खरा दागिना’ या त्यातील वाक्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी फाल्गुनात माझी कर्करोगावरील केमोथेरपी सुरू झाली. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर ही औषधे मारा करतात आणि केसांच्या मुळांतील पेशीही तशाच असल्याने, अनेक औषधांत पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी केस जाऊ लागतात, हे मला नंतर कळले. रुग्णालयाने काय खावे, काय टाळावे याचा छापील कागद दिला होता. केसांविषयी त्यात एक ओळ नव्हती. सतराव्या दिवशी न्हाताना मोरीत पाणी तुंबले. जाळीवर अडकलेला केसांचा पुंजका हाताने काढताना मला रडू आले, जे निदान ऐकतानाही आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी यजमानांबरोबर ओळखीच्या कटिंगच्या दुकानात गेले. तेथील कारागीर भला माणूस; आमच्या घरातील पुरुषांचे केस वर्षानुवर्षे तोच कापतो. वस्तऱ्यात नवे पाते घातल्यावर मात्र त्याचा हात थांबला. ‘‘वहिनी, सवाष्णीच्या डोक्याला वस्तरा कसा लावू?’’ एवढेच तो म्हणाला. अखेर यजमानांनीच घरी दाढीच्या ट्रिमरने माझे केस काढले.

याच महाराष्ट्रात 1890 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार देऊन संप केला होता. त्यांनी वस्तरा खाली ठेवला तो बाईची विटंबना थांबावी म्हणून, आणि आमच्या कारागिराने ठेवला तो त्याच रूढीच्या धाकाने. रूढी गेली तरी तिने शिकवलेला अर्थ मागे राहिला. तोही ज्या शेतकरी घरांत केशवपन कधी होत नव्हते, त्या आमच्यासारख्या घरांत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, तेव्हा गौराईच्या गाण्यांना बसण्याआधी आई हळूच म्हणाली, ‘‘डोकावर पदर ले वं माय.’’ तिला माझी लाज वाटत नव्हती. मला कोणी काही बोलेल याची तिला धास्ती होती. कोणी बोलले नाही, हे खरे. मात्र त्या दिवशी शेजारच्या दोन घरांतून हळदीकुंकवाचे बोलावणेही आले नाही. बसमध्ये अनोळखी बायका ‘‘तिरुपतीला जाऊन आलात का?’’ असे विचारत. एकदा कंटाळून मी ‘‘हो’’ म्हटले, तर त्या बाईने मला नमस्कार केला. डोके तेच, नवसाचे म्हटले तर पुण्याचे, आजाराचे म्हटले तर बिचारीचे. पुरुषाच्या टकलावर थट्टा होते, पण ते पाहून त्याच्या बायकोच्या आयुष्याची चिंता कोणी करीत नाही.

विगचा सल्ला पुष्कळांनी दिला व मी एक घेतलाही. जळगावच्या 44 अंशांच्या मे महिन्यात तो तासभर डोक्यावर ठेवून पाहावा, एवढेच त्या सल्लागारांना सांगणे आहे. ज्यांना त्याने धीर येतो त्यांनी तो जरूर वापरावा. मी घरात उघड्या डोक्याने वावरू लागले आणि बारा वर्षांच्या पुतणीला दोन दिवसांत त्याची सवय झाली. मोठ्यांना वेळ लागला.

आता केस पुन्हा आले आहेत. पूर्वी सरळ होते, ते कुरळे आले. ते आखूडच ठेवायचे असे मी ठरवल्यापासून ‘‘आता तरी वाढव’’ हा आग्रह सुरू झाला आहे. आपल्या पुरवणीस विनंती अशी की, जास्वंद व माक्याच्या तेलाला दिलेल्या जागेपैकी थोडी जागा केमोथेरपी सुरू होण्याआधी रुग्ण स्त्रीला व तिच्या घरच्यांना केसांविषयी काय सांगावे, हे लिहिणाऱ्या डॉक्टरांना द्यावी. तो मजकूर आमच्या कारागिराच्या दुकानातही वाचला जाईल, कारण तेथे आपलेच दैनिक येते.

आपली,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)