खिडकी उघडायची की लावायची? : पर्यावरणमंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : नाशिकमधील धूळ आणि हवेतून पसरणारे विषाणूजन्य आजार यांचा एकत्रित विचार होण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मी गेली २२ वर्षे नाशिकमधील एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. माझा सातवीचा वर्ग पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या अंगाला आहे. समोरचा रस्ता काँक्रिटीकरणासाठी खोदला, त्याला आता बरेच महिने झाले. पहिला तास सुरू होण्याआधी मी खिडकीजवळचे बाक ओल्या फडक्याने पुसते, आणि मधल्या सुट्टीपर्यंत त्यांवर पुन्हा इतकी धूळ बसलेली असते की मुले तिच्यात बोटाने गणिते मांडतात. म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतो. मागच्या डिसेंबरात एका मुलाला ताप-खोकला झाला आणि आठवडाभरात हजेरीपटावर एकाच दिवशी १९ गैरहजऱ्या लागल्या. खिडकीबाहेरची धूळ आणि खिडकीआतला खोकला यांचा संबंध आपल्या विभागाने विचारात घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

त्याच हिवाळ्यात मी कार्बन डायऑक्साइड मोजणारे एक छोटे यंत्र पदरचे पैसे घालून विकत घेतले. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण दहा लाखांत साधारण ४२० भाग असते. वर्गात ते जितके चढते, तितकी आपण एकमेकांनी सोडलेली हवा पुन्हा श्वासात घेत असतो. खिडक्या बंद असताना तिसऱ्या तासाला आकडा २,३०० वर गेला. दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्यावर पंधरा मिनिटांत तो ८०० च्या खाली आला, आणि तेवढ्याच वेळात वह्यांवर धुळीचा थर दिसू लागला. मी खिडकी उघडायची की लावायची, हा प्रश्न त्या दिवसापासून मला सुटलेला नाही.

करोनाच्या साथीत याच प्रश्नाचे उत्तर मिळायला जगाला फार उशीर झाला. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना हा आजार हवेतून पसरत नाही असे सांगत होती. जुलै २०२० मध्ये लिडिया मोराव्स्का आणि डोनाल्ड मिल्टन यांच्या पुढाकाराने २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर आवाहन केले आणि हवेतून होणाऱ्या प्रसाराची दखल घेण्याची मागणी केली. संघटनेने ते स्पष्ट शब्दांत मान्य करेपर्यंत २०२१ चा एप्रिल उजाडला. बोलताना-खोकताना उडणाऱ्या कणांपैकी मोठे थेंब लगेच खाली पडतात. परंतु १० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणाला माणसाच्या तोंडापासून जमिनीपर्यंत यायला स्थिर हवेत सुमारे आठ मिनिटे लागतात, आणि एक मायक्रॉनचा कण बारा-बारा तास तरंगू शकतो. बंद खोलीत हे कण साठत जातात, उघड्या खिडकीतून ते निघून जातात.

आता धुळीविषयी. विषाणू धुळीच्या कणावर बसून गावभर फिरतो, असे पुष्कळदा ऐकू येते, आणि २०२० मध्ये इटलीतील बेर्गामोच्या हवेतील पीएम १० कणांवर, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांवर, करोना विषाणूची जनुकीय खूण सापडल्यानंतर या समजाला जोर आला. परंतु जनुकीय खूण सापडणे आणि संसर्ग करू शकणारा जिवंत विषाणू सापडणे यांत मोठे अंतर आहे. शिवाय उघड्यावर विषाणूचे कण इतके विरळ होतात की धुळीशी त्यांची गाठ पडण्याची शक्यता फारच कमी. माझ्या मागण्या मी या समजावर उभ्या करीत नाही, कारण उद्या तो पूर्ण खोटा ठरला तरी त्या तशाच राहतात.

धुळीचा खरा घात शरीराच्या आत होतो. श्वासनलिकेच्या अस्तरावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. ते कफासकट जंतूंना वर ढकलून बाहेर काढतात, आणि धूर-धुळीने त्यांची ही हालचाल मंदावते. २.५ मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजेच पीएम २.५, त्यांनाही चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथल्या भक्षक पेशी ते कण गिळण्यातच गुंतून पडतात आणि विषाणूला तोंड देण्याची त्यांची ताकद कमी होते. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतील तीन हजारांहून अधिक काउंटींची, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची, आकडेवारी तपासली. दीर्घकाळच्या पीएम २.५ मध्ये घनमीटरमागे एका मायक्रोग्रॅमची वाढ असेल, तर करोनाचा मृत्युदर ११ टक्क्यांनी जास्त आढळला. हा अभ्यास प्रदेशांच्या सरासरीवर आधारलेला असल्याने त्यावरून एकेका माणसाविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे मान्य करूनही त्याची दिशा दुर्लक्षिता येणार नाही.

महोदय, २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नाशिकचा समावेश आहे. पण त्या कार्यक्रमातील प्रगती मुख्यतः पीएम १० वर मोजली जाते, आणि फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण मागे पडतात. आपल्या देशाची पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली ५ आहे. नाशिकसाठी पीएम २.५ चे वेगळे, वर्षावर्षाचे उद्दिष्ट ठरवून जाहीर करावे, आणि हवेची रोजची नोंद व दवाखान्यांतील ताप-खोकल्याच्या रुग्णांची नोंद आरोग्य विभागाच्या साहाय्याने शेजारी शेजारी मांडली जावी, अशी माझी विनंती आहे.

२०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात ठिकठिकाणी कामे निघाली आहेत. ती व्हायलाच हवीत, त्यांना माझा विरोध नाही. मात्र राडारोडा उघडा पडून राहतो, माती वाहणारे डंपर ताडपत्रीशिवाय धावतात आणि पाणी मारणारा टँकर आला तर आला. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडून राहते आणि ही सगळी धूळ, जाळलेल्या कचऱ्याच्या धुरासह, शाळा भरण्याच्या वेळी आमच्या नाकासमोर असते. धूळ दाबण्याचे काम कंत्राटाच्या कागदावर लिहून भागणार नाही, ते झाल्याची खात्री पटेपर्यंत ठेकेदाराचे देयक थांबवले पाहिजे. पुढे स्नानाच्या पर्वण्या ऐन पावसाळ्यात येतील. तेव्हा धूळ बसलेली असेल, पण आपल्याकडे फ्लूचा जोरही त्याच महिन्यांत असतो, आणि पंचवटीतल्या धर्मशाळांत पावसामुळे दारे-खिडक्या लावून माणसे दाटीवाटीने झोपतील. निवासाच्या जागांना परवानगी देताना हवा खेळती आहे की नाही, हे माझ्याकडे आहे तशा यंत्राने मोजून पाहावे. ते काही फार महाग नसते.

आपण नाशिकला याल तेव्हा अकराच्या सुमारास आमच्या वर्गात अर्धा तास बसावे, ही विनंती. यंत्र टेबलावर ठेवलेले असेल. आधी खिडक्या लावून पाहू, मग उघडून पाहू.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका, नाशिक